बंदूक कुठून येते?

(बडनेरा येथे वस्तीतल्या महिला गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

'विकसनशील देशांतील सशस्त्र संघर्ष आणि असुरक्षितता' असा आजचा विषय फळ्यावर लिहिला, तेव्हा मागून एक ताई म्हणाल्या, "बाई, आपल्या इकडं त बंदुका नाईत. मंग हे आमाले कायले?" त्यांचं म्हणणं रास्त आहे. सुदान, काँगो, कोलंबिया ही नावं आपण टीव्हीवर ऐकतो आणि स्वयंपाकाला लागतो. ती लांबची भांडणं आहेत, तिथली माणसंच तशी आहेत, असं आपल्याला वाटतं. पण बडनेऱ्याहून तीनशेहून थोड्या जास्त किलोमीटरवर, आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या जंगलात १९८० पासून चार दशकांहून जास्त काळ बंदूक चालली. तिथली माणसं आपल्याहून वेगळी नाहीत. म्हणून जगाचा प्रश्न आपण गडचिरोलीपासून समजून घेऊ, आणि गडचिरोलीचा प्रश्न आपल्या मेळघाटाशेजारी ठेवून तपासू.

गरिबी हे कारण पुरेसं नाही

माणूस बंदूक का उचलतो, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, गरिबी. पोटाला नाही म्हणून पोरं जंगलात जातात. हे उत्तर सोपं आहे आणि ऐकायला बरंही वाटतं. पण ते आपल्याच जिल्ह्यात अडतं.

मेळघाट घ्या. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके, कोरकूंची वस्ती. १९९३ मध्ये तिथल्या कुपोषणाचा आणि बालमृत्यूंचा प्रश्न महाराष्ट्रभर गाजला आणि पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक मेळघाटात झाला, आणि पुढे त्यासाठी गावं उठली. दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं कच्च्याबच्च्यांसह कामाला खाली उतरतात आणि होळीला परत जातात, हे आपण दरवर्षी पाहतो. गरिबी मोजायची तर मेळघाट गडचिरोलीच्या मागे नाही. मग मेळघाटात दलम का उभं राहिलं नाही?

आपल्या वऱ्हाडातला शेतकरी घ्या. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतर कापसाच्या या पट्ट्यात किती घरांतला कर्ता गेला आणि किती बाया कर्जासकट मागे राहिल्या, ते या बैठकीत बसलेल्या काही जणींना मी सांगायला नको. अन्याय होता, कर्ज होतं, रागही होता. पण तो राग दुसऱ्यावर न उलटता स्वतःच्या जिवावर उलटला.

म्हणजे गरिबी ही जमीन झाली. तिच्यात काय उगवेल ते दुसऱ्या गोष्टी ठरवतात. त्या गोष्टी कोणत्या, ते आता पाहू.

जंगल कुणाचं?

पहिली गोष्ट म्हणजे, ज्याच्यावर जगायचं ते आपलं राहत नाही. इंग्रजांनी १८७८ मध्ये आणि पुन्हा १९२७ मध्ये जंगलाचे कायदे केले. पिढ्यान् पिढ्या जंगलात राहणारा माणूस कागदावर अतिक्रमण करणारा ठरला. स्वातंत्र्यानंतरही १९२७ चाच कायदा चालू राहिला. त्या कायद्यात बांबूची गणना झाडात होती आणि ती व्याख्या बदलायला २०१७ साल उजाडलं. म्हणजे वर्षानुवर्षं बांबू ट्रक भरभरून कागद कारखान्याला ठेक्याने जायचा, आणि गावच्या माणसाने टोपलीसाठी चार काठ्या तोडल्या तर तो गुन्हेगार. ज्याच्या हाती वनरक्षकाची पावती, तो सरकार. त्याला कोंबडी द्या, दारू द्या, शेतावर फुकट राबा. आणि घरात वयात आलेली मुलगी असेल तर आईच्या जिवाला घोर.

तेंदूपत्त्याचं कामही असंच. ऐन उन्हाळ्यात पहाटे उठून पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फडीवर नेऊन मोजून द्यायचे. हे काम मुख्यतः बायांचं आणि पोरांचं. भाव ठरवणार ठेकेदार, पुडका नापास करणार त्याचा मुनशी. बाईच्या कष्टाचा हिशोब तिच्यासमोर होतो आणि तिला त्यात बोलता येत नाही.

जगात जिथे जिथे असा संघर्ष पेटला, तिथे बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसतं. जमिनीत किंवा जंगलात मोलाची वस्तू असते, तिचा पैसा राजधानीत जातो, आणि धूळ गावाच्या वाट्याला येते. आपल्या देशात नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये नक्षलग्रस्त भागांवर अहवाल दिला. जमीन, जंगल, विस्थापन आणि रोजचा अपमान यांत या असंतोषाची मुळं आहेत, असं सरकारच्याच तज्ज्ञांनी त्यात मांडलं.

ठाण्याचा दरवाजा

पण हेही मेळघाटात होतंच. म्हणून मी दुसऱ्या गोष्टीकडे येते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. अन्याय झाल्यावर माणूस कुठे जातो, आणि तिथे त्याचं काय होतं?

गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज नावाचं गाव आहे. रेल्वेच्या पाटीवर त्याचं नाव वडसा. १९७२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. घरच्या एका तक्रारीवरून ती आणि तिचे नातेवाईक ठाण्यात आले होते. तिला आत थांबवून घेतलं आणि नातेवाईक बाहेर उभे राहिले. हेच मथुरा प्रकरण. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा निर्दोष ठरवले. का? तर मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आपली चळवळ, आपले गट, आपली नियतकालिकं यांच्यात त्या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

आता तारखा शेजारी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७८ चा. १९८० मध्ये आंध्रात पीपल्स वॉर ग्रुपची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी त्यांची माणसं नदी ओलांडून सिरोंचा भागात आली. एकामुळे दुसरं झालं, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं खोटं ठरेल. पण बंदूकवाले ज्या मुलखात आले, तिथे तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या मुलीचं काय होतं ते लोकांनी पाहिलेलं होतं. ज्या दारात दाद मागायची, तेच दार अंगावर पडतं, हे ज्याला कळलं तो दुसरं दार शोधतो. तेवढ्यात कुणी बंदूक घेऊन आलं आणि म्हणालं, "तुझा न्याय मी करतो", तर माणूस आधी ते ऐकून घेतो.

मेळघाटात फरक इथे पडला. तिथेही दाद लवकर मिळाली नाही. पण कार्यकर्ते पोचले, वर्तमानपत्रं पोचली, याचिका दाखल झाल्या, अधिकाऱ्यांना न्यायालयात उत्तरं द्यावी लागली. दार किलकिलं का होईना, उघडं राहिलं. शिवाय मेळघाट उतरलं की परतवाडा येतं, बाजार येतो, काम मिळतं. गडचिरोलीचं जंगल मात्र बस्तरला आणि गोदावरीपलीकडच्या मुलखाला जोडलेलं आहे. नदी ओलांडली की राज्य बदलतं, पोलीस बदलतात. हत्यारी संघटनेला लपायला जागा लागते आणि बाहेरून येणारे शिकलेले पुढारी लागतात. दोन्ही तिथे मिळालं. म्हणजे हिरावलेली साधनं, बंद झालेली दाद आणि हत्यार पुरवणारी संघटना, या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या की बंदूक चालते. नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांत १९९६ मध्ये हेच झालं. ते युद्ध दहा वर्षं चाललं.

बंदूक आल्यावर

दलम आल्यावर सुरुवातीच्या काळात तेंदूच्या तोडाईचे भाव वाढले आणि वनरक्षकाची फुकटची कोंबडी बंद झाली. हे नाकारून आपल्याला काही शिकता येणार नाही. अनेक मुली त्यात गेल्या. कुणी मनाविरुद्धचं लग्न चुकवायला, कुणी घरातल्या मारझोडीला कंटाळून, कुणी गाणी ऐकून, कुणी वर्दी पाहून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात असं काही आलं की समोरचा पुरुष दचकला. हे आकर्षण समजून घ्यायला हवं.

पण बंदुकीचा स्वतःचा एक संसार असतो आणि तो खर्चिक असतो. हळूहळू तेंदूच्या ठेकेदाराकडून वर्गणी, बांबूच्या ठेकेदाराकडून वर्गणी, रस्त्याच्या ठेकेदाराकडून वर्गणी सुरू झाली. ज्याच्याविरुद्ध लढायचं, त्याच्याच पैशावर लढाई चालू लागली. आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ या काळात यादवी झाली. तिथे हिऱ्यांच्या खाणी ज्याच्या ताब्यात, त्याला युद्ध थांबवण्यात रस उरला नाही. पॉल कोलिअर यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ म्हणतात की तक्रारी सगळीकडे असतात, पण जिथे लढाईला पैसा पुरतो तिथे ती टिकते. मला त्यांचं अर्धं म्हणणं पटतं. पैशाने लढाई टिकते हे खरं. पण ती सुरू कशाने झाली, हे विसरलं तर उत्तर फक्त पोलीस एवढंच उरतं.

आणि न्याय? 'खबऱ्या' म्हणून गावातल्या माणसाला रात्री उठवून नेलं. ना वकील, ना अपील. दुसऱ्या दिवशी बायकोला रस्त्यावर प्रेत मिळालं. ठाण्यात जी दाद मिळत नव्हती, ती इथेही नव्हती. दलममध्ये लग्न करायचं तर आधी पुरुषाची नसबंदी, हे शरण आलेल्या अनेकांनी सांगितलं आहे. आई होण्याचा निर्णय बाईचा नव्हता, संघटनेचा होता. घरात नवरा आणि सासू ठरवतात, जंगलात कमांडर ठरवणार. मैत्रिणींनो, पुरुषप्रधानता हिरवा गणवेश घालूनही येते.

दुसऱ्या बाजूला सरकारने १९९० मध्ये गडचिरोलीत सी-६० हे पथक उभं केलं. त्यात भरती झाले तिथलेच तरुण. म्हणजे एका गावातला एक मुलगा दलममध्ये आणि दुसरा पथकात. २१ मे २००९ रोजी धानोरा तालुक्यात १६ पोलीस मारले गेले, त्यांत ५ महिला पोलीस होत्या. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेला. एप्रिल २०१८ मध्ये भामरागड आणि अहेरी भागांतल्या चकमकींत ४० माओवादी मारले गेले, त्यांत अनेक तरुण मुली होत्या. शेजारच्या बस्तरमध्ये २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झालं. आदिवासींच्याच हाती बंदुका देऊन आदिवासींवर सोडलं, गावंच्या गावं ओस पडली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना असं विशेष पोलीस म्हणून हत्यार देणं घटनाबाह्य ठरवलं. या सगळ्या आकड्यांत कुठल्या बाजूचे किती, हा हिशोब पुढारी करतात. आयांच्या बाजूने हिशोब केला तर बेरीज एकच येते.

न बंद झालेली दारं

गडचिरोलीबद्दल बोलताना आपण बंदुकीवरच थांबतो, हा तिथल्या लोकांवरचा आणखी एक अन्याय आहे. बंदूक चालू असतानाच त्याच जिल्ह्यात लोकांनी दुसरी कामं केली. दारूने घरं बुडताना पाहून बाया उठल्या, गावोगाव सभा झाल्या, आणि १९९३ मध्ये सरकारला गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी करावी लागली. चोरटी दारू पुढेही आली, तो वेगळा लढा. पण मागणी बायांची होती आणि ती बंदुकीशिवाय मान्य झाली.

धानोरा तालुक्यातलं मेंढा हे छोटं गोंड गाव पाहा. देवाजी तोफा आणि गावकरी वर्षानुवर्षं ग्रामसभेत बसले. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, आणि बायांशिवाय घ्यायचा नाही. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांत. बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जो बांबू तोडला की गुन्हा होत होता, तोच बांबू गावाने स्वतःच्या सहीने विकला. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने २०१२ मध्ये असाच हक्क मिळवला, उजाड टेकडी राखली, आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात पोचवली.

बंदूक कशाने आटते, याचं उत्तर मला इथे दिसतं. फक्त पोलिसांनी बंदूक थांबते, पण तिची गरज संपत नाही. ती संपवायची तर हक्क कागदावरून हातात यावा लागतो.

आता काय?

आज हे बोलायचं विशेष कारण आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. हे चांगलंच झालं. रात्री दारावर थाप पडली की कोण असेल, या भीतीत दोन पिढ्या गेल्या. तिसरीला तरी झोप लागो.

पण शांतता आणि सुरक्षितता या दोन वस्तू आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोखंडाची खाण आहे. माओवाद्यांनी तिथे माणसं मारली, गाड्या जाळल्या. त्यांच्या हिंसेने प्रश्न सुटला नाही. उलट खाणीला साधा विरोध करणाऱ्या गावकऱ्यालाही नक्षलवादी म्हणणं सोपं झालं. २०२३ मध्ये तोडगट्टा इथे अनेक गावांचे लोक नव्या खाणींविरुद्ध महिनोन् महिने धरणं धरून बसले, आणि नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते धरणं उठवलं. खाणीने रोजगार येतो की जंगल जातं, यावर गावागावांत दोन मतं आहेत आणि असावीत. पण हातात काठीसुद्धा न घेता बसलेल्या माणसाचं म्हणणं कुठे ऐकलं जाणार, हा खरा प्रश्न आहे. कोलंबियात २०१६ च्या शांतता करारात जमिनीचा प्रश्न पहिल्या कलमात घेतला आणि वाटाघाटीत बायांचे प्रश्न मांडायला वेगळी उपसमिती केली. त्यांचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. पण हत्यार ठेवलं की बोलणं संपलं, असं त्यांनी मानलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनेही ३१ ऑक्टोबर २००० च्या १३२५ क्रमांकाच्या ठरावात, शांततेच्या बोलण्यात बायांचा सहभाग हवा असं म्हटलं आहे. गडचिरोलीत पुनर्वसनाच्या बैठका होतील तेव्हा तिथे तेंदू तोडणारी बाई बसलेली असेल का?

आपण काय करायचं

आता मागच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. बंदुका नाहीत म्हणून आपण सुरक्षित आहोत का? १९९४ च्या मानवी विकास अहवालात पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी सांगितलं, की सुरक्षितता म्हणजे फक्त देशाच्या सीमा नव्हेत. अन्न, आरोग्य, काम आणि अंगावर हात न पडण्याची खात्री हीसुद्धा सुरक्षितता. त्या मोजमापाने मेळघाटात दगावणारं मूल हाही हिंसेचाच बळी आहे. फक्त तिचा आवाज होत नाही.

म्हणून तीन कामं सांगते. पहिलं, ज्यांची माहेरं मेळघाटात आहेत त्यांनी विचारावं, वनहक्काचा दावा केला का? कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. त्याशिवाय गणपूर्ती होत नाही. सह्या घरोघर फिरवून घेतल्या असतील तर विचारा, सभा कधी झाली?

दुसरं, पोलीस ठाणं. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. बलात्कारासारख्या गुन्ह्याची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षा आहे. बडनेरा हे जंक्शन आहे. रेल्वेत झालेला प्रकार रेल्वे पोलिसांचा की शहर पोलिसांचा, या वादात बाईला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात. तिच्याबरोबर दोघींनी जायचं, आणि तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही. ती फुकट मिळते.

तिसरं, आपले मुलगे. ज्याचं कुणी ऐकत नाही अशा रिकाम्या तरुणाला आज जंगलात जायची गरज नाही. झेंडा घेऊन, दगड देऊन वापरून घेणारे गल्लीच्या तोंडाशी उभे असतात. गडचिरोलीत ज्या भुकेवर दलम वाढलं, ती मान मिळण्याची भूक आपल्या वस्तीतही आहे. तो घरी येतो तेव्हा त्याच्याशी बोला. नुसतं 'कामधंदा बघ' म्हणू नका.

दाद मागायला गेलेल्या बाईला परत पाठवायचं नाही, एवढं जरी आपल्या गटांनी या वर्षी पाळलं, तरी ते शांततेचंच काम आहे.

एवढं बोलून मी थांबते. पुढचा अर्धा तास तुमचा. प्रश्न विचारा.